घराची ट्रायल

आमच्या गल्लीतले लोक स्वभावाने चांगले आहेत, फक्त नवीन काही म्हटलं की त्यांच्या पोटात दुखतं. दिव्याचा खांब बदलला तेव्हा महिनाभर कुरकुर चालली. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने नवी खुर्ची आणली, तर बरेच दिवस गिऱ्हाइकं उभ्यानेच दाढी करा म्हणत होती. मी नावं ठेवतेय असं समजू नका, मीही त्यातलीच. माझं शिवणाचं दुकान सासऱ्यांनी थाटलेलं, आणि त्यांचं कापड बेतायचं टेबल मी आजवर कुणाला इंचभर हलवू दिलेलं नाही.

पण गल्ली आहेच तशी. दोन्ही बाजूंना दुमजली घरं, भिंतीला भिंत लावून उभी. मधे बोटही शिरणार नाही. वर उतरती कौलं, खाली दुकानं, आणि दुकानांवर हाताने रंगवलेल्या पाट्या. त्यातल्या बहुतेक पाट्या आमच्या मोठ्या भाऊजींच्या हातच्या. भाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे थोरले बंधू. हात थरथरायला लागल्यापासून ब्रश खाली ठेवला, पण नजर तीच आहे. कुणाच्या दाराचा हिरवा जरा फिकट लागला, तर भाऊजी गल्लीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखतात आणि चालत येऊन सांगतात. गल्ली जपायला समिती निघाली तेव्हा अध्यक्ष कोण, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.

या रांगेत एकच जागा मोकळी होती, भाऊजींच्या घराला लागून. तिथे पूर्वी धान्याचं गोदाम होतं. ते पडलं, आणि मग कितीतरी वर्षं तिथे गवत वाढलं आणि मांजरं व्याली. शेवटी एका गृहसंस्थेने ती जागा घेतली. चार मजली घर बांधायचं, आणि त्यातली वरची काही घरं गल्लीतल्याच मुलांना, परवडतील अशा भावात द्यायची, असा त्यांचा बेत होता. अट एकच, समितीची संमती हवी.

आता माझं सांगते, आडपडदा न ठेवता. मला त्यातलं एक घर हवं होतं. माझा मुलगा, सूनबाई आणि नात इतके लांब राहतात की कामावरून परतेपर्यंत पोर झोपलेली असते. सूनबाई इथून जवळच्याच इस्पितळात, रक्त तपासायच्या खोलीत काम करते. आमच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. तिथे सगळे एकत्र राहून पाहिलं. माझं आणि सूनबाईचं जमलं नाही असं नव्हे, आमचं सगळ्यांचं सामानच एकमेकांशी जमेना. मग तिला दुसऱ्या शहरात नोकरी चालून आली. ती मला तोंडावर म्हणाली, "आई, गल्लीत घर मिळालं तर आम्ही इथेच. नाही मिळालं तर जाणार. तुम्हाला उगाच आशेवर ठेवत नाही." तिचा हा सरळपणा मला आवडतो, पण त्या दिवशी जरा कमी आवडला.

पहिली बैठक सुताराच्या कारखान्यात झाली, भुशावर पोती टाकून. गृहसंस्थेने घर आखायला एक बाई नेमली होती. तिशीची, सडसडीत, केस आवळून बांधलेले. तिने नकाशे पसरले. आम्ही सगळे त्यावर वाकलो आणि कुणालाच काही कळलं नाही. सुताराने एक कागद उलटा धरून मान डोलावली.

"उंच होणार हे," कुणीतरी म्हणालं.

"डबा होणार नुसता," न्हावी म्हणाला.

तिने आकडे सांगितले, मीटर सांगितले, छज्जा किती, खिडकी किती. न चिडता सांगितले. भाऊजी हातांची घडी घालून ऐकत होते.

"बाई," ते म्हणाले, "मीटर मला दिसत नाही. मला घर दाखवा. घर पाहिल्यावर नाही म्हणायचं की हो, ते मी सांगेन."

"बांधल्याशिवाय कसं दाखवणार?"

"तो तुमचा प्रश्न."

झालं. त्या दिवसापासून तिचं नाव नकाशेवाली पडलं. ती वाईट वाटून न घेता त्या नावाला ओ देऊ लागली, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात ती कोटाचं फाटलेलं अस्तर घेऊन माझ्या दुकानात आली. खरं तर अस्तर काही फार फाटलं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार होता, गल्लीत कुणीतरी आपलंसं करावं म्हणून आली होती. मी तिला स्टुलावर बसवलं, कारण तेव्हा वकीलसाहेबांच्या कोटाची ट्रायल चालू होती. ज्यांनी कधी कपडे शिवून घेतले नाहीत त्यांना सांगते: कोट पक्का शिवायच्या आधी पांढऱ्या दोऱ्याने मोठे मोठे टाके घालून नुसता जोडायचा, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचा आणि मग पाहायचं. वकीलसाहेब एक बाही घालून, एक बाही नसताना, आरशासमोर छाती काढून उभे होते. मी खांदा उसवला, पाठीत चिमटा घेतला, खडूने रेघ मारली.

"काकू, हे सगळं उसवणार?" नकाशेवालीने विचारलं.

"कच्ची शिलाई उसवायसाठीच असते," मी म्हणाले. "आत्ता उसवलं तर मी एकटी रडते. पक्कं शिवून झाल्यावर उसवावं लागलं तर गिऱ्हाईकही रडतं."

ती उसवलेले टाके निरखत राहिली. वकीलसाहेब गेले. मी अस्तर हातात घेतलं.

"काकू," ती शेवटी म्हणाली, "घराची ट्रायल घेता येईल का?"

मला वाटलं उन्हाने डोकं तापलं असेल. पण तिने माझ्याच खडूने माझ्याच टेबलावर काढून दाखवलं. रिकाम्या जागेच्या पुढच्या अंगाला आणि भाऊजींच्या बाजूलाही बांबूची परांची उभी करायची आणि तिच्यावर कापडाचं घर टांगायचं. होणार तेवढंच उंच, होणार तेवढंच रुंद, खिडक्या-दारांसकट. लोक रस्त्यावर उभे राहून बघतील, सांगतील तिथे उसवायचं, सांगतील तिथे जोडायचं.

"तुमच्या घराच्या लोक चिंध्या चिंध्या करतील हो," मी म्हणाले.

"करू देत. वीट लावल्यावर करण्यापेक्षा बरं."

आपण आखलेलं काम चव्हाट्यावर टांगायचं आणि ज्याच्या त्याच्या हाती कात्री द्यायची, याला धाडस लागतं. मी माझ्या बेतलेल्या ब्लाउजबद्दल गिऱ्हाईक जास्त बोललं तर टेप आपटते. तेव्हापासून मी तिला अगं-तुगं करायला लागले.

चादरी गोळा करायला आम्ही दोघी दारोदार फिरलो. आमच्या गल्लीला "नवं घर हवं का?" असं विचारलं असतं तर एकजात सगळे नाही म्हणाले असते. आम्ही विचारलं, "जुनी चादर आहे का?" मग काय, शेजारणीने दोन दिल्या तर आपण तीन द्यायच्या, तिची विरलेली तर आपली धडकी. इस्त्रीवाल्याने कुणी न नेलेल्या चादरींचा गठ्ठाच आणून टाकला. विरोध होता तो होताच, पण विरोधाला आपली चादर कमी पडायला नको.

सुताराच्या कारखान्यात भुसा झाडून आम्ही शिवायला बसलो. आमचे हे सुयांत दोरे ओवून देत होते. लग्न झाल्यापासून हे माझ्यापुढे फार बोलत नाहीत, पण सुई ओवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. भिंतीच्या पट्ट्या फिक्या चादरींच्या, खिडक्या गडद चादरींच्या. नकाशेवाली प्रत्येक पट्टीचं माप कागदावर लिहून द्यायची, मी बेतायची, मग दोघी जमिनीवर गुडघे टेकून टाके घालायचो. तिच्या बोटांची सुईने चाळण झाली. पहिल्या दिवशी तिचे टाके पाहून मी म्हणाले, "हे टाके आहेत की कोंबडीची पावलं?" ती हसली आणि उसवून पुन्हा घालायला बसली. अशी पोर शिकवायला मिळाली तर शिकवणाऱ्याचंही शिकणं होतं.

भाऊजींनी चादर दिली नाही. "माझा विरोध आहे," असं त्यांनी दारातूनच सांगितलं होतं. पण तिसऱ्या दिवशी ते कारखान्यात डोकावले. आम्ही खडूने खिडक्यांच्या चौकटी आखत होतो. त्यांनी जरा वेळ पाहिलं, मग सहन होईना.

"आण तो ब्रश," ते मला म्हणाले. "विरोध माझा आहेच. पण वाकडी रेघ माझ्या गल्लीत लागणार नाही."

मग ते रोज आले. डाव्या हाताने उजवं मनगट धरून, थांबत थांबत, एकेक चौकट रंगवली. हात थरथरायचा, रेघ सरळ यायची. ते कसं, ते मला अजून कळलेलं नाही. नकाशेवाली शिवण सोडून त्यांच्याकडे बघत बसायची आणि ते तिला "कामाला लागा" म्हणायचे.

एकदा ते गेल्यावर तिने मला विचारलं, "काकू, गल्लीत सगळ्या भिंती एकमेकींना चिकटून. मग भाऊंच्या घराला बाजूच्या भिंतीत खिडकी कशी?"

मी तिला सांगितलं. आमच्या गल्लीतल्या घरांना मधली खोली असते, ती अंधारी. पुढून रस्त्याचा उजेड, मागून परसाचा, मधे दिवसासुद्धा दिवा. माझ्या मोठ्या जाऊबाई अंथरुणाला खिळल्या त्या मधल्याच खोलीत, कारण पुढच्या खोलीत भाऊजींचे रंगाचे डबे आणि त्या वासाने त्यांना खोकला यायचा. गोदाम नुकतंच पडलं होतं. जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "भिंतीपलीकडे ऊन आहे ना हो आता?" भाऊजींनी कुणाला न विचारता छिन्नी-हातोडा घेतला आणि स्वतःच्या हाताने खिडकी पाडली. त्यानंतर जाऊबाई फार दिवस राहिल्या नाहीत. पण राहिल्या ते उन्हात राहिल्या. भाऊजी अजून दुपारी त्याच खिडकीशी बसतात.

तिने ऐकून घेतलं. तिच्या नकाशात नव्या घराच्या आणि भाऊजींच्या भिंतीच्या मधे एक बोळ सोडला होता, माणूस दोन्ही हात पसरून उभा राहील एवढा. कायदाच तसा आहे. शेजाऱ्याच्या भिंतीत जुनी खिडकी असेल तर तिच्यापुढे जागा सोडावी लागते. खिडकीच्या मालकाने आपण होऊन ती बुजवली तरच चिकटून बांधता येतं.

घर टांगायचा दिवस रविवार धरला. सकाळीच सगळी गल्ली रस्त्यावर. परांचीवर सुताराची माणसं, खाली दोर ओढायला न्हावी, इस्त्रीवाला, माझा मुलगा. सूनबाई नातीला कडेवर घेऊन उभी. कापड घडी घडी उलगडत वर चढलं, वाऱ्याने एकदा फुगलं, आणि मग ताणून बसलं.

घर उभं राहिलं हो! चादरींचं का असेना. खाली दुकानांच्या कमानी, वर भाऊजींच्या हातच्या सरळ चौकटी, कुठे निळी फुलं, कुठे विरलेल्या रेघा. माझ्या आयुष्यात मी इतकी शिवणं केली, पण रस्त्यात उभं राहून मान वर करून बघावं असं शिवण हे पहिलंच. मी रडले. आमच्या ह्यांनी खिशातून रुमाल काढून दिला, तो नेमका मशीनचं तेल पुसायचा.

आणि मग कुणीतरी म्हणालं, "अरे, बोळ कुठे गेला?"

बोळ नव्हताच. पुढचं कापड भाऊजींच्या भिंतीपर्यंत गेलं होतं आणि बाजूचं कापड त्या भिंतीला जाऊन चिकटलं होतं. खिडकी झाकली गेली होती.

भाऊजी तेव्हा मधल्या खोलीत होते. ते धावत बाहेर आले. मान वर करून त्यांनी कापडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मुलासाठी माझी खिडकी झाकलीस?"

सगळ्या गल्लीसमोर. मला ते घर हवं होतं हे सगळ्यांना माहीत, आणि कात्री माझ्या हातात होती. कुणाला पटणार?

नकाशेवाली पुढे झाली. तिने कापडाच्या एका पट्टीची कड हातात धरली, टाका पाहिला आणि कपाळावर हात मारला. "भाऊ, चूक आमची दोघींची आहे. काकू म्हणाल्या होत्या की शिवणीसाठी प्रत्येक पट्टीला दोन्हीकडून दोन बोटं जास्त कापड ठेवावं लागतं. म्हणून मी माप लिहितानाच ते धरलं. मला वाटलं, काकूंचं काम हलकं होईल. काकूंनी त्यांच्या सवयीने ते पुन्हा धरलं."

म्हणजे एकीने दिलं, दुसरीनेही दिलं, आणि एकेक पट्टी चार चार बोटं फुगत गेली. एकमेकींचं मन राखण्याच्या नादात आम्ही बोळभर घर जास्त शिवलं होतं. शिंप्याच्या घरात नवखं पोरही करणार नाही अशी चूक.

लोक हसले. भाऊजी हसले नाहीत. मी परांचीवर चढले, या वयात, सगळे नको नको म्हणत असताना. कापड मागे दुमडलं आणि मोठ्या पिनांनी टाचलं. बोळ पुन्हा उघडा झाला. खिडकीत ऊन आलं. रांगेत मात्र तेवढी एक फट राहिली, हसताना पडका दात दिसावा तशी. सगळ्यांना ती दिसली आणि सगळे दुसरीकडे बघू लागले.

मग ट्रायल सुरू झाली. काय एकेकाला कंठ फुटला! न्हावी म्हणाला खिडक्या जरा खाली घ्या, समोरच्या घरांच्या रेषेत. नकाशेवालीने खडूने खूण केली. सुतार म्हणाला छज्जा एवढा पुढे नको. तोही मागे गेला. ज्यांना कागदावर ओ की ठो कळत नव्हतं ते आता बोट दाखवून नेमकं बोलत होते, आणि ती प्रत्येकाचं ऐकून "हो, खरंय" किंवा "नाही, ते पडेल" असं सांगत होती. उन्हात उभी राहून तिने सबंध गल्लीचं ऐकलं. एकालाही तिने मूर्खात काढलं नाही, आणि आमच्यात काढण्याजोगे होते.

शेवटी चौथा मजला. तो सगळ्यांनाच खुपत होता. कौलांच्या वर डोकं काढून तो गल्लीकडे बघतोय असं वाटत होतं. भाऊजी म्हणाले, "हा नको." कुणीच हरकत घेतली नाही. खरं बोलायचं तर मलाही तो नकोच वाटत होता. गल्लीतल्या मुलांची घरं त्याच मजल्यावर होती, हे मला ठाऊक होतं. सूनबाईलाही ठाऊक होतं. मी तिच्याकडे न बघता वर चढले आणि टाके उसवायला घेतले. कच्ची शिलाई, सरसर निघाली.

संध्याकाळी नकाशेवाली दुकानात आली. मी तिला बस म्हटलं नाही, ती आपणच बसली.

"तीन मजल्यांत ती घरं बसवता येणार नाहीत?" मी विचारलं.

"एक वाट आहे," ती म्हणाली. "बोळ नसेल तर जिना त्या बंद भिंतीला लावता येतो. मग जिन्याची जागा मोकळी होते आणि प्रत्येक मजल्यावर एक घर जास्त निघतं."

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?" मी ओरडलेच.

"काकू, ती खिडकी कशी आली हे मला तुम्हीच सांगितलंत. मी ती बंद करा म्हणून कशी सांगू? तुम्ही सांगाल?"

मी नाही सांगणार, हे तिला माहीत होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. त्या रात्रीच्या स्वयंपाकात दोनदा मीठ पडलं. ह्यांनी मुकाट्याने खाल्लं.

कापड आठवडाभर तसंच टांगलेलं राहिलं. भाऊजी समोरच्या फुटपाथवर खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसायचे. पाटी रंगवून झाली की ते असेच लांब बसून बघायचे, कुठे अक्षर बसलं नाही ते शोधत. माझ्याशी बोलत नव्हते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मीही गेले नाही. पण दुकानातून मान लांब करून बघत होते. एकदा नकाशेवाली त्यांच्याजवळ उभी दिसली. त्यांनी काहीतरी विचारलं, तिने बोटांवर मोजत उत्तर दिलं. त्यांनी मान हलवली.

शनिवारी दुपारी भाऊजींनी बोलावणं पाठवलं. मी गेले. पुढच्या खोलीत रंगाचे डबे अजून तसेच, झाकणं गंजलेली. ते मधल्या खोलीत खिडकीशी बसले होते. ऊन पलंगावर पडलं होतं, जाऊबाई असताना पडायचं तसंच.

"ये," ते म्हणाले. "इथून हात पोचतो. त्या पिना काढ."

मला कळलं, आणि कळून मी न कळल्यासारखं केलं. "कुठल्या पिना?"

"अगं, तू शिवलेल्या घराच्या. कापड होतं तसं भिंतीपर्यंत येऊ दे."

"मी नाही काढणार."

"का?"

"जाऊबाईंची खिडकी आहे ती. माझ्या मुलाला घर मिळावं म्हणून मी तिला हात लावणार नाही. जाऊ दे त्याला दुसऱ्या शहरात, माणसं जातात. वर्षातून दोनदा येईल." मला ते अजिबात चालणार नव्हतं, आणि तरी मी जे बोलत होते ते खरं होतं.

भाऊजींनी पलंगावरच्या उन्हावरून हात फिरवला.

"मी तुझ्या मुलासाठी करत नाही," ते म्हणाले. "म्हणजे, त्याला मिळालं तर मला आनंदच आहे. पण त्या दिवशी मी बाहेर आलो ना, तर ओरडायच्या आधी मी वर पाहिलं. रांग पुरी झाली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकसलग. माझा जन्म या गल्लीत गेला. सगळ्या पाट्या रंगवल्या, सगळ्यांच्या रंगांत खोट काढली, सगळ्यांना सांगत फिरलो की गल्ली पूर्वी होती तशी राहिली पाहिजे. आणि तिला भोक पाडलं ते मीच."

"ते भोक नव्हे, भाऊजी."

"नव्हे," ते म्हणाले. "तेव्हा नव्हतं. तिला उजेड हवा होता, तिला मिळाला. तिचं काम झालं. आता तिथे मी बसतो, आणि मला पुढच्या खोलीतही दिसतं."

मी पदर तोंडाला लावला. एवढा हट्टी माणूस, एका वाकड्या रेघेसाठी तीन दिवस न बोलणारा, आणि किती मोठा. मी त्यांना आयुष्यभर भिऊन होते, त्या दुपारी पहिल्यांदा पाया पडावंसं वाटलं. पडले असते तर ओरडले असते, म्हणून राहिले.

"काढतेस, की मी काढू? माझा हात थरथरतो. टोचून घेईन."

मी खिडकीतून हात बाहेर काढला. एक पिन काढली, दुसरी काढली. भाऊजी शेजारी उभे राहून एकेक पिन तळहातावर घेत होते. शेवटची निघाली तसं कापड सुटलं, खिडकीवरून सरकत गेलं आणि भिंतीला टेकलं. पलंगावरचं ऊन गेलं. खोली पूर्वी होती तशी झाली.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारून वर बघायला सांगत होतं.

"उद्या समितीत मी सांगतो," भाऊजी म्हणाले. "गवंडी मीच आणीन. आणि मुलाला एक सांग."

"काय?"

"त्याला त्या बाजूने भिंतीत खिळा ठोकायचा झाला, तर मला विचारायला येऊ नको म्हणावं. भिंत आता दोघांची."

मी मान हलवली. अंधारात त्यांना दिसली नसावी, म्हणून मोठ्याने म्हणाले, "बरं, सांगते."